अशोकाची रांग आणि रस्त्याचा आवाज

आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत यंदा एक ठराव आला. रस्त्याकडच्या भिंतीलगत अशोकाची आणखी एक रांग लावायची, कारण "त्यानं आवाज कमी होतो". खर्च किरकोळ होता, सभेला माणसं बेताची होती आणि बाहेर चहा तयार होता. ठराव मिनिटभरात मंजूर झाला असता. पण मी हात वर केला आणि म्हणालो, झाडं जरूर लावू, पण आवाज कमी होईल म्हणून नको, कारण तो होणार नाही. तळमजल्यावरच्या काकू वळून म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर झाडांच्या बाजूचे ना? मग झाडं लावायला विरोध कसला करता?"

काकूंना तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. ते इथे देतो.

आधी अशोकाबद्दल. पुण्यातल्या सोसायट्या ज्याला अशोक म्हणतात तो सीतेचा अशोक नव्हे, तो आसुपालव. सरळसोट वाढतो, आडवी जागा खात नाही, पानं लांबट, कडेला लहरी असलेली आणि खाली झुकलेली. बिल्डरला त्याच्यासारखं सोयीचं झाड दुसरं नाही. त्याच्या नावावर एक गुण कायमचा चिकटलेला आहे, तो म्हणजे ध्वनिप्रदूषण रोखणारा वृक्ष. नर्सरीवाला हे सांगतो, शाळेच्या प्रकल्पवहीत हे असतं, आणि वृक्षारोपणाच्या भाषणात तर असतंच असतं.

आमच्याकडे एक रांग आधीपासून आहे, चांगली तीन मजल्यांएवढी उंच. पण गाड्या लावायला आड येतात म्हणून खालच्या फांद्या केव्हाच छाटल्या गेल्या. आता माणसाच्या डोक्यापर्यंत नुसते खांब आणि वर हिरवे शंकू. रिक्षाचा सायलेन्सर जमिनीपासून हातभर वर, टायर तर जमिनीलाच टेकलेले. म्हणजे आवाज जिथून निघतो त्या पातळीला झाड जवळजवळ नाहीच. एका रविवारी सकाळी मी मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेऊन रांगेच्या पुढे आणि मागे उभा राहिलो. मोबाइल हे काही प्रमाणित यंत्र नव्हे, पण दोन ठिकाणांची तुलना करायला चालून जातं. फरक दिसला तो इतकाच, की एखादी रिक्षा गेली की पुसला जावा. आणि त्यातलाही काही फरक मी चार पावलं मागे सरकलो म्हणून होता, झाडामुळे नव्हे.

असं का होतं हे समजायला डेसिबलचा हिशोब थोडा कळावा लागतो. ते माप वाण्याच्या तराजूसारखं नाही. साठ डेसिबलचं एक यंत्र चालू असताना शेजारी तसंच दुसरं चालू केलं तर १२० होत नाहीत, ६३ होतात. उलट बाजूने बघितलं तर रस्त्यावरची निम्मी वाहनं गायब झाली तरी आकडा फक्त तीनने उतरतो, आणि कानाला तो फरक जेमतेम जाणवतो. "आवाज निम्मा झाला" असं माणसाला वाटायला साधारण दहा डेसिबल उतरावे लागतात. तेव्हा झाडांमुळे आवाज कमी होतो असं कोणी म्हणालं की पहिला प्रश्न "किती?" हा विचारायचा, कारण दोन डेसिबल आणि दहा डेसिबल यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

किती, याचं उत्तर नवीन नाही. मोकळ्या हवेत आवाज दूर जाताना किती क्षीण होतो याचं गणित मांडणारं आयएसओ ९६१३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. अभियंते ते रोज वापरतात. त्याच्या १९९६ च्या दुसऱ्या भागात झाडीसाठी एक छोटा तक्ता आहे. पहिली अट अशी की झाडी इतकी दाट हवी की तिच्यातून आरपार दिसता कामा नये. ही अट पाळणाऱ्या दहा ते वीस मीटर झाडीतून आवाज गेला, तर मधल्या पट्टीतल्या आवाजाचा एक डेसिबल कमी होतो. एक! वीस मीटरच्या पुढे दर मीटरला साधारण ०.०६ डेसिबल, म्हणजे शंभर मीटर घनदाट झाडी ओलांडल्यावर सहा. आणि खर्जातल्या आवाजांच्या रकान्यात, म्हणजे ६३ आणि १२५ हर्ट्झला, वीस मीटरपर्यंतच्या झाडीपुढे चक्क शून्य लिहिलेलं आहे.

त्या शून्यात आपली निम्मी दुखणी आहेत. ट्रकच्या इंजिनाची घरघर, सायलेन्सर बदललेल्या बुलेटचा फटफटाट, आणि मिरवणुकीतल्या डीजेचा तो छातीत बसणारा दणका, सगळे खर्जातले. शंभर हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. झाडाचं पान वितभर. समुद्रात रोवलेल्या काठीला लाट अडत नाही, तशीच ही लाट पानांना, फांद्यांना न जुमानता पुढे जाते. पानं अडवतात आणि विखुरतात ते तार स्वरातले आवाज. ब्रेकची किंकाळी थोडी मवाळ होते, टायरची सळसळ थोडी बोथट होते. एवढंच.

याउलट बाजूचा पुरावाही आहे आणि तो लपवायचं कारण नाही. अमेरिकेत नेब्रास्कामध्ये डेव्हिड कुक आणि डेव्हिड व्हॅन हॅवरबेके या दोघांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला झाडांच्या पट्ट्यांमागे जाऊन आवाज मोजले. १९७१ साली त्यांनी लिहिलं की झाडांनी पाच ते आठ डेसिबल कमी करता येतात. अमेरिकेचं महामार्ग प्रशासनही साठेक मीटर रुंदीच्या दाट झाडीला दहा डेसिबलपर्यंतचं श्रेय देतं. म्हणजे झाडं आवाज कमी करतात हे सपशेल खोटं नाही. पण नेब्रास्कातल्या त्या पट्ट्यांची वर्णनं वाचा. महामार्गासाठी वीस ते तीस मीटर रुंदी, पुढे दाट झुडपं, मागे उंच झाडं, वर्षभर पानं टिकवणारी, आणि पट्टा घरांच्या नव्हे तर रस्त्याच्या जवळ. पुण्यात तीस मीटर म्हणजे आख्खा डीपी रस्ता, म्हणजे विकास आराखड्यातला मोठा रस्ता. तो मिळवायला घरं पाडावी लागतात, वीस-वीस वर्षं खटले चालतात. त्याच्या दोन्ही अंगांना आणखी तीस-तीस मीटर झाडीसाठी कोण सोडणार आहे? रस्ता रुंद करायचा म्हटला की पहिली कुऱ्हाड त्याच्या कडेच्या वडा-पिंपळावर पडते, हा आपला अनुभव.

या सगळ्यातला खरा धडा मला कागदावरून मिळाला नाही, वेताळ टेकडीवर मिळाला. सेनापती बापट रस्त्याच्या बाजूने चढून वर आलात आणि कड्याशी उभे राहिलात, तर खालच्या सगळ्या शहराचा एक सलग घोंगावता आवाज वर येतो, त्यातून हॉर्न वेगवेगळे ओळखता येतात. पायाखाली वनखात्याने कधीकाळी लावलेल्या गिरिपुष्पाची झाडी आहे, पण ती असून त्या बाजूला फरक पडत नाही. मग पाठ फिरवून खाणीकडे चालायला लागायचं. शंभरेक पावलांत, उतार लागला रे लागला की तो घोंगाट कोणीतरी दार लोटून घ्यावं तसा मागे पडतो. झाडी तीच, तितकीच विरळ. बदललेलं असतं ते एवढंच, की मधे टेकडी आलेली असते. आवाज आणि कान यांच्यामधली सरळ रेषा काहीतरी भरीव, जड गोष्ट तोडते. माती हे काम करते, दगड करतो, भिंत करते. पान करत नाही. रोज सकाळी टेकडीवर येणारी मंडळी "काय हो, झाडांमुळे किती शांत वाटतं इथे" असं म्हणतात, तेव्हा बिचाऱ्या टेकडीचं श्रेय झाडं घेऊन जातात.

आणखी एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. नागपूरहून सिवनीकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ पेंचच्या जंगलातून जातो. वन्यप्राण्यांना गाड्यांचा आवाज आणि दिव्यांचा झोत यांचा त्रास होऊ नये म्हणून मध्य प्रदेशातल्या भागात रस्त्याच्या कडेला काय केलं? चार मीटर उंचीच्या पोलादी भिंती उभारल्या. दोन्ही बाजूंना सागाचं जंगल, झाडांची काही कमतरता नाही, तरीही भिंती. कारण तिथे आवाज खरोखर अडवायचा होता. वाघासाठी भिंत आणि माणसासाठी अशोकाचं रोप, असा हा आपला न्याय आहे.

मग हा समज इतका घट्ट का? मला वाटतं, कारण तो सगळ्यांना परवडतो. हॉर्न बंद करायचा तर लाखो चालकांशी भांडावं लागतं. मिरवणुकीतला डीजे बंद करायचा तर मंडळांशी, म्हणजे मतांशी. सायलेन्सर बदलून देणारी गॅरेजं बंद करायची तर तिथे रोज उभं राहावं लागतं. आणि झाड? झाडाशी कोणाचंच भांडण नाही. मंत्री खड्ड्यात माती लोटतात, फोटो निघतो, पाटी लागते. मेट्रोच्या खांबांना प्लॅस्टिकच्या कुंड्या टांगून उभ्या बागा होतात, दुभाजकांत कण्हेर आणि बोगनवेल लागते. दुभाजकातल्या त्या मीटरभर रुंदीच्या हिरवळीने ध्वनिप्रदूषण कमी होतं असं कंत्राटाच्या कागदांत लिहिलं गेलं की कोणी हरकत घेत नाही. कागद हिरवे होतात, कान तसेच राहतात.

कायदा कमी पडतो असंही नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालीच आले. त्यांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, शांतता क्षेत्राला ५० आणि ४०. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धकांबद्दल २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सविस्तर निकाल दिला. ठाण्याच्या एका डॉक्टरांच्या याचिकेवर ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलिसांना ध्वनिमापक यंत्रं देण्यापासून सगळं सांगितलं. पुढच्याच वर्षी केंद्राने नियम बदलून राज्य सरकारने जाहीर केल्याशिवाय कुठलीच जागा शांतता क्षेत्र ठरणार नाही असं करून ठेवलं. तोवर रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीचे शंभर मीटर आपोआप शांत मानले जायचे. कागदावर का होईना, मानले तरी जायचे. आता त्यांच्यासाठीही कुणीतरी सही करावी लागते.

आणि हॉर्न. वाहनाचा हॉर्न किती मोठा वाजला पाहिजे याचं आपलं मानक ९३ ते ११२ डेसिबल आहे. म्हणजे कारखान्यातून नियमाप्रमाणे बाहेर पडलेली गाडी निवासी भागाच्या मर्यादेवर पहिल्याच दाबात उडी मारते. एकीकडे ५५ ची पाटी लावायची, दुसरीकडे ११२ चा भोंगा अधिकृतपणे विकायचा, आणि मधे अशोक उभा करून त्याला म्हणायचं, घे, सांभाळ.

मुंबई पोलिसांनी जानेवारी २०२० मध्ये एक गमतीचा प्रयोग दाखवला होता. सिग्नलला ध्वनिमापक जोडला. लाल दिव्यावर थांबलेल्यांनी हॉर्नचा गलका करून ८५ डेसिबल ओलांडले की सिग्नलची उलटी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू. जितका हॉर्न वाजवाल तितकं थांबा. लोक हसले, चित्रफीत जगभर फिरली, आणि प्रयोग प्रयोगच राहिला. मला त्यातली कल्पना अजून आवडते, कारण ती आवाजाच्या उगमाशी जाते. चालकाच्या अंगठ्याशी.

आता काकूंच्या प्रश्नातल्या दुसऱ्या अर्ध्याकडे येतो. मी झाडांच्या बाजूचा आहे, आणि म्हणूनच हा समज मला धोक्याचा वाटतो. झाड राखायचं कारण म्हणून तुम्ही डेसिबल पुढे केलात, की उद्या एखादा सल्लागार यंत्र घेऊन येणार, मोजणार, आणि अहवालात लिहिणार की सदर वृक्षांमुळे ध्वनीमध्ये लक्षणीय घट आढळत नाही. खरंच लिहील तो. मग त्या वृक्षांना उभं राहायचं कारण काय उरलं? झाडाला सावलीसाठी, गारव्यासाठी, पक्ष्यांसाठी, मुरणाऱ्या पाण्यासाठी, किंवा नुसतं ते आपल्या आजोबांच्या वेळेपासून तिथे आहे म्हणून राखता येतं. ही कारणं मोजणीत हरत नाहीत. वकिलाने अशिलाची बाजू सगळ्यात कच्च्या मुद्द्यावर लढवू नये.

तरी एक गोष्ट मी मान्य करतो, आणि सभेत मान्य करायला हवी होती. झाडामागे राहणाऱ्या माणसाला आवाज कमी वाटतो. तो भ्रम म्हणून सोडून देण्यासारखा नाही. बेल्जियममधल्या गेन्ट शहरात, वर्दळीच्या रिंग रोडला लागून असलेल्या घरांत राहणाऱ्यांना तिथल्या विद्यापीठातल्या टिमोथी व्हॅन रेंटरगेम आणि डिक बोटेलडोरेन यांनी विचारलं की रस्त्याच्या आवाजाचा तुम्हाला किती त्रास होतो. २०१६ साली छापलेल्या त्यांच्या निष्कर्षात असं दिसलं की ज्यांच्या दिवाणखान्याच्या खिडकीतून झाडी दिसते त्यांना त्रास पुष्कळ कमी वाटतो. रस्ता तोच असून. शिवाय पानांची सळसळ आहे, सकाळचा दयाळ आहे, चैत्रातला कोकीळ आहे. हे आवाज गाड्यांचा आवाज पुसत नाहीत, पण कानाला धरायला दुसरं काहीतरी देतात. चीड हा आवाजाचा मोठा भाग असतो आणि चीड यंत्रात मोजता येत नाही.

मात्र हे मान्य केलं की त्याचा अर्थ नीट लावायला हवा. गेन्टमधला फायदा खिडकीतून *दिसणाऱ्या* झाडाचा आहे. म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या खिडकीला तिसऱ्या मजल्याएवढं झाड लागतं. ते आज लावून उद्या मिळत नाही. आपल्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. पन्नास वर्षं किंवा जास्त वयाचं झाड वारसावृक्ष ठरलं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी रोपं लावायची अट आली. अट वाईट नाही. पण गणेशखिंड रस्त्यावरचा साठ वर्षांचा वड तोडून साठ रोपं शहराच्या दुसऱ्या टोकाला लावली, तर ज्याच्या खिडकीसमोरून वड गेला त्याला काय मिळालं? वड गेला, त्याच्या जागी उड्डाणपूल आला, म्हणजे आवाज खालून यायचा तो आता समोरून यायला लागला. भरपाईची रोपं त्या माणसाच्या डोळ्यांना दिसत नाहीत आणि कानांना तर नाहीच नाही. मुंबईत ऑक्टोबर २०१९ मध्ये आरेतली दोन हजारांहून जास्त झाडं मेट्रोच्या कारशेडसाठी रातोरात तोडली तेव्हाही नव्या रोपांचे आकडे तोंडावर फेकले गेले होते. झाडांची बेरीज-वजाबाकी अशी होत नाही.

वनस्पतींनी आवाजाबाबत काही करायचंच असेल, तर त्यांची खरी मदत पानांपेक्षा मुळांशी आहे. मऊ जमीन आवाज पिते. पालापाचोळा पडलेली, गांडुळांनी भुसभुशीत केलेली माती आणि तिच्यावरचं गवत यांच्यावरून जाताना वाहनांच्या आवाजाचा मधला भाग चांगलाच गळतो. फरशीवरून जाताना तोच आवाज चेंडूसारखा उसळतो. युरोपातल्या कितीतरी शहरांनी ट्रामच्या रुळांमधे गवत लावलं आहे, त्यामागे शोभेबरोबर हेही कारण आहे. आणि आपण काय करतो? पदपथ खणून पेव्हर ब्लॉक, सोसायटीच्या अंगणात पेव्हर ब्लॉक, झाडाच्या बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक. झाडाभोवती किमान एक मीटर जागा मोकळी ठेवा, असा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ साली दिल्लीच्या प्रकरणात दिला, कारण झाडं गुदमरून मरत होती. आमच्या अशोकांना आजही वितभर आळं आहे, त्यात सिगारेटची थोटकं आणि कुणाची तरी तुळशीची जुनी कुंडी.

मोठ्या प्रमाणावर करायचं तर जागा आहे, पण ती शहराच्या आत नाही, कडेला आहे. पुण्याभोवतीचा नवा रिंग रोड ११० मीटर रुंदीचा होतो आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना आज शेतं आहेत, उद्या टॉवर असतील, आणि परवा त्या टॉवरमधले लोक आवाजाची तक्रार करतील. तो रस्ता बांधताना डोंगर फोडून निघणारा मुरूम आणि माती टाकायची कुठे हा प्रश्न असतोच. तीच माती कडेला पुरुष-दीड पुरुष उंचीचा बांध म्हणून रचली, त्यावर करंज, कडुनिंब, उंबर आणि खाली घाणेरी नव्हे तर आपली निरगुडी, अडुळसा अशी दाट झुडपं लावली, तर तो बांध टेकडीचं काम करेल आणि झाडी त्याला धरून ठेवेल. नेब्रास्कावाले कुक आणि व्हॅन हॅवरबेके पुढे नेमक्या याच वाटेला गेले, झाडं लावलेल्या मातीच्या उंचवट्यांकडे. राष्ट्रीय महामार्गांसाठी २०१५ च्या हरित महामार्ग धोरणात प्रकल्पखर्चाचा एक टक्का झाडांसाठी राखायचं ठरलं होतं. त्या एक टक्क्यातून एकेरी रांगा लावण्यापेक्षा जिथे वस्ती येणार आहे तिथे थोडक्या लांबीचे खरे बांध झाले तर मी टाळ्या वाजवीन. मियावाकी पद्धतीची दाट लागवडही, जिचा मुंबई महापालिकेने २०२० पासून धडाका लावला, अशा बांधावर शोभेल. चौकातल्या तिकोनी तुकड्यावर तिच्याकडून शांततेची अपेक्षा करणं मात्र पुन्हा तेच.

शहराच्या आतल्या आवाजाला औषध आतच आहे आणि ते हिरवं नाही. वेग कमी करणं, कारण तीस-चाळीसच्या वर गाडी गेली की इंजिनापेक्षा टायर जास्त बोलतो, मग ती विजेवरची का असेना. रस्त्याचा पृष्ठभाग, कारण खरबरीत काँक्रीट गुळगुळीत डांबरापेक्षा जास्त वाजतं, आणि आपण तर गल्लीबोळ काँक्रीटचे करत सुटलो आहोत. बसगाड्या, कारण चाळीस दुचाकींच्या जागी एक बस हा सरळ हिशोब आहे. आणि ज्यांना झोप मिळत नाही त्यांच्यासाठी दुहेरी काचेची घट्ट बसणारी खिडकी. ती महाग आहे, आपल्या उन्हाळ्यात ती लावली की पंख्यावर भागत नाही, हे मला माहीत आहे. झोपडीत राहणाऱ्याला तर ती सांगणं हीच थट्टा.

पण मला या सगळ्यापेक्षा जास्त शिकवलं ते एका झाकणाने.

आमच्या फाटकासमोर रस्त्याच्या मधोमध ड्रेनेजच्या चेंबरचं एक लोखंडी झाकण आहे. काँक्रीटीकरणानंतर ते चौकटीत नीट बसेनासं झालं. कुठलंही चाक त्यावरून गेलं की खडॅक आणि मागचं चाक गेलं की पुन्हा खडॅक. दिवसा ते गलक्यात मिसळून जायचं. रात्री अकरानंतर रस्ता मोकळा झाला की गाड्या वेगात यायच्या आणि प्रत्येक गाडीमागे दोन गोळ्या सुटल्यासारखा आवाज. पहिल्या मजल्यावरच्या आजी रात्री गाड्या मोजत बसायच्या. तक्रारी केल्या. एका ठिकाणी सांगितलं हे रस्त्यांचं काम, दुसऱ्या ठिकाणी सांगितलं हे ड्रेनेजचं. आठ-नऊ महिने असेच गेले. सभेतला अशोकाचा ठराव खरं म्हणजे या झाकणामुळेच आला होता, हे मला नंतर कळलं. आजींच्या मुलाने कमिटीला सांगितलं होतं की आईला झोप नाही, काहीतरी करा, आणि कमिटीला जे सुचलं ते तिने केलं.

ठराव अर्थात मंजूर झाला. मी फक्त एवढी भर घालून घेतली की जुन्या झाडांची आळी मीटरभर मोकळी करायची आणि खालून फुटणाऱ्या फांद्या छाटायच्या नाहीत. नव्या रोपांत अशोकाऐवजी निम्मे करंज घ्यायचे, हेही जमलं.

मग जूनच्या शेवटी, पाऊस नुकता लागला होता, शेजारच्या गल्लीत कामाला आलेल्या कंत्राटदाराच्या एका माणसाला आम्ही झाकण दाखवलं. त्याने ते पहारीने उचललं, चौकटीच्या कडा खरवडल्या, आमच्याच वॉचमनकडून सायकलची जुनी ट्यूब मागून घेतली, कापून तिच्या पट्ट्या कडेने बसवल्या आणि झाकण वर ठेवून त्यावर दोनदा उडी मारली. आवाज नाही. पाऊण तासाचं काम. पैसे घ्यायला तयार नव्हता, चहा घेतला.

त्या रात्री खिडकी उघडी ठेवून झोपलो. गाड्या जात होत्या, पण नुसत्या जात होत्या. बाराच्या सुमारास अशोकाच्या शेंड्यात काहीतरी फडफडलं, चिरकलं, आणि खाली लावलेल्या गाडीच्या टपावर टप्, टप्, टप् असं सुरू झालं. आसुपालवाची फळं पिकली की वटवाघळं येतात, गर खातात आणि बिया टाकतात. इतकी वर्षं सकाळी गाडीवर त्या बिया बघत होतो, पडताना कधी ऐकल्या नव्हत्या.

पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत वटवाघळांबद्दल तक्रार आहे. रात्री आवाज करतात म्हणे.